पायाखालचं घर

इंग्लंडमधल्या हेब्डन ब्रिज गावात उतारावर एकावर एक अशी दोन घरं बांधायची जुनी रीत आहे. वरच्या घराचं दार वरच्या रस्त्यावर उघडतं, खालच्याचं खालच्या गल्लीत. पॅम वरच्या घरात राहत होती. तिच्या पायाखालचं घर विकायला निघालं, तेव्हा तिची धाकटी बहीण जिल हिनं ते घ्यायचं ठरवलं. नवरा गेल्यापासून जिलला एकटेपणा खायला उठत होता. एका स्वयंपाकघरात दोघींचं पटलं नसतं. वर-खाली मात्र पटलं असतं.

किंमत ठरली. मग एजंट जिलला म्हणाला, "खरेदीचं काम बघणाऱ्या तुमच्या वकिलाचं नाव उद्या संध्याकाळपर्यंत द्या, मिसेस उटली. नाहीतर लीड्सचं एक जोडपं थांबलंय, त्यांचा वकील तयार आहे. आमचेच वकील घ्या ना, सगळे घेतात."

जिल आजवर भाड्याच्या घरातच राहिलेली. वकील कसा निवडतात, हे तिला ठाऊक नव्हतं. पॅमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं एजंटच्या वकिलांना फोन लावला.

"फ्लॅट ना? म्हणजे जागा भाडेपट्ट्यावर असणार. त्याचे कागद पाठवा," तिकडची मुलगी म्हणाली.

"फ्लॅट नाही, घर आहे."

"मग वरचे मजलेही तुम्हीच घेताय?"

"नाही, वर माझी बहीण राहते."

"म्हणजे फ्लॅटच."

जिलनं फोन ठेवला. आता तिलाही ते फ्लॅट वाटू लागलं होतं. शेजारणीनं सुचवलेली वकिलांची कंपनी तर फोनच घेत नव्हती. तिच्या वेबसाइटवर घर आणि फ्लॅट असे दोनच चौकोन होते. जिलनं आधी एकावर खूण केली, मग दुसऱ्यावर, आणि दोन वेगवेगळ्या रकमा पाहून कॉम्प्युटर बंद केला.

"गावातल्या ॲक्रॉइड वकिलांना विचार," पॅम म्हणाली. "त्यांना ही घरं पाठ आहेत."

जिलनं फोन स्पीकरवर ठेवून त्यांना लावला. ॲक्रॉइडना खरंच पाठ होती. पण घर विकणाऱ्याचं काम त्यांच्याकडेच होतं. "दोन्ही बाजू मला घेता येत नाहीत, मिसेस उटली. आणि तुमच्यासाठी मी नाव सुचवणंही बरं दिसत नाही."

"का गं? एकच घर, एकच वकील. स्वस्तात पडेल," पॅम कुजबुजली.

"त्यांना चालत नाही."

"मग त्यांना विचार, समोरच्या बाजूला कोण वकील असलं की त्यांचं डोकं उठतं."

जिलनं लाजत तेच विचारलं. मग ॲक्रॉइड कण्हल्यासारखे म्हणाले, "हॅलिफॅक्सच्या फारूकीबाई. पण हे मी बोललो नाही."

जिलनं त्यांना फोन लावून सगळं सांगितलं. फारूकीबाईंनी दरही सांगितला नाही. त्यांनी विचारलं, "तुमचं छत म्हणजे बहिणीची जमीन. मधल्या तुळया कोणाच्या?"

जिलनं खाली पाहिलं. पॅमनं उगाचच पाय उचलले.

"छपराच्या दुरुस्तीचा खर्च?"

"खालच्या बाई निम्मा द्यायच्या," पॅम ओरडली. "वर केकही आणायच्या."

"कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मग मलाही कळत नाही," फारूकीबाई म्हणाल्या. "जुने कागद बघते, मग सांगते."

'कळत नाही' असं दिवसभरात कोणीच म्हटलं नव्हतं. जिलला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

"तुमचं नाव एजंटला देऊ का?"

"द्या. पण लेखी काही नसेल, तर तुम्हा दोघींत करार करावा लागेल. मी तुमची वकील. बहिणीनं स्वतःचा वकील करावा."

जिलनं लगेच एजंटला नाव कळवलं. त्यानं उसासा टाकला, पण लिहून घेतलं. लीड्सचं जोडपं मागं पडलं. जिलनं हसून वर पाहिलं, तर पॅम गंभीर.

"म्हणजे आता मी वकील करायचा? तुझ्याविरुद्ध?"

"विरुद्ध नाही गं. बहुतेक. मला नीट कळलं नाही."

"मी करायचा कसा? मला कुठं काय घ्यायचंय?"

जिलनं बिस्किटांच्या डब्याकडे हात नेला. पॅमनं डबा आपल्याकडे ओढला.

"थांब. तुला बिस्किट द्यावं की नाही, हे आधी माझ्या वकिलाला विचारते."