चौदा दसऱ्यांचा गाळ

नारळाच्या करवंटीचे तुकडे तेवीस. सुपाऱ्या नऊ. लिंबं चार, काळी पडून लाकडासारखी कडक झालेली. झुरळं सात आणि पाल एक, सगळी मेलेली. केसांची गुलाबी क्लिप एक. उरला तो झेंडू, आपट्याची पानं आणि तांदूळ यांचा काळा, बुळबुळीत लगदा. त्यातलं काही वेगळं करून मोजणं शक्य नव्हतं, म्हणून अनुजानं तो पिशवीत भरून काट्यावर ठेवला. आठशे चाळीस ग्रॅम.

हे सगळं एका मोटारीतून निघालं होतं. उद्यमनगरात गुंडू मिस्त्रींच्या शेडमध्ये अनुजाच्या वडिलांची, म्हणजे आबांची, जर्मन गाडी बॉनेट उघडून उभी होती. पुढच्या काचेखाली, वायपरच्या खाली, काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीनं झाकलेली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडतं आणि दोन भोकांतून खाली रस्त्यावर जातं. मिस्त्रींनी ती जाळी काढली आणि आधी तोंड फिरवून थुंकले.

"आबासाहेब, ही गाडी हाय का निर्माल्याचं कुंड?"

"पूजेचं हाय त्ये," आबा म्हणाले. "पायदळी येऊ नये म्हणून तिथं सारायचो. चौदा दसरे पुजलीय गाडी. उगंच न्हाय दोन लाख किलोमीटर पळाली."

अनुजा क्लिपकडे बघत होती. गाडी घरी आली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. खंडेनवमीला बॉनेटवरचे तांदूळ, फुलं गोळा करून वायपरखाली ढकलायचं काम तिचंच असे. ‘खाली सांडू नको’ एवढंच आबा सांगत. तिनं एकही दाणा सांडला नव्हता. आता त्याच बोटांना काळा चिकटा लागला होता. तिनं ती तीनदा साबणानं धुतली, हुंगली आणि चौथ्यांदा धुतली.

गाडी इथं आली ती तिच्या आईमुळं, अंजनाबाईंमुळं. दर पौर्णिमेला त्या नृसिंहवाडीला जायच्या, आणि गेली दोन वर्षं प्रत्येक वेळी म्हणायच्या की गाडीत काहीतरी कुजलंय. आबांना काही जाणवत नव्हतं. त्यांनी तो नातेवाइकांत विनोद करून टाकला. जयसिंगपूरच्या लग्नात पंगतीत बसून ते मोठ्यानं म्हणाले होते, "आमच्या हिला जर्मन गाडीत मळमळतं. बैलगाडी बघायला लागतीया." पंगत हसली. पुण्याहून आलेली अनुजाही हसली होती. शिक्षण संपवून ती जूनमध्ये घरी परतली, दूध संघाच्या प्रयोगशाळेत लागली आणि पहिल्यांदाच आईच्या जागी, पुढच्या डाव्या सीटवर बसली, तेव्हा अत्तराच्या बाटलीमागचा तो आंबट, मेलेला वास तिला लागला. जुनी गाडी, असायचंच, म्हणून तिनंही सोडून दिलं होतं.

गेल्या पौर्णिमेला हातकणंगल्यात अंजनाबाईंनी गाडी थांबवायला लावली, उतरून रस्त्याकडेला ओकल्या आणि दार लावून म्हणाल्या, "मी यष्टीनं जातो." गुडघ्यांनी त्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती, तरी त्या चढल्या. घरी आल्यावर त्यांनी अट घातली. "गाडी उघडून बघा. काय न्हाय निघालं तर मी मुकाट बसीन. निघालं तर ह्यांनी चार माणसांत म्हणायचं, अंजनाचं नाक बरोबर हाय."

आता त्या शेडच्या दारातल्या स्टुलावर पदर नाकाला लावून बसल्या होत्या.

"निघालं की," त्या म्हणाल्या.

"कचरा निघाला," आबा म्हणाले. "वास कुठं निघाला?"

भोकं बुजल्यावर पाणी जाणार कुठं, हे मिस्त्रींना माहीत होतं. डाव्या बाजूची सीट त्यांनी बोल्ट काढून बाहेर ठेवली आणि पायाखालचा गालिचा दोन्ही हातांनी उचलला. खालचा फोम चार बोटं जाड होता. तो वर येताना चोखल्यासारखा आवाज झाला आणि चहाच्या रंगाचं पाणी पत्र्यावर पसरलं. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. अनुजानं मोजायला सुरुवात केली आणि चाळीसला थांबून नाक दाबलं. दूध संघात नासलेल्या दुधाचे कॅन ती रोज उघडते. तरी असं काही तिनं कधी हुंगलं नव्हतं. मिस्त्री पाच पावलं मागं सरकले. अंजनाबाई उठून रस्त्यावर गेल्या.

आबा मात्र पुढं झाले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, त्या पाण्यापासून वीतभर अंतरावर चेहरा नेला आणि दीर्घ श्वास घेतला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"ह्याला वास म्हणता व्हय?" ते म्हणाले. "वल्ल्या कापडाचा यायचाच की थोडासा."

अनुजा त्यांच्याकडे बघत राहिली. गेल्या महिन्यात फुटलेल्या दुधाचा चहा ते मिटक्या मारत प्याले होते. चार वर्षांपूर्वीच्या कोरोनात महिनाभर जेवणाला चव नाही म्हणत होते. मग म्हणायचे थांबले. बरं वाटलं असेल, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. तिची किळस त्या पाण्यावरून उठली आणि पंगतीतल्या हसण्यावर जाऊन बसली, स्वतःच्या हसण्यासकट.

"आबा, डोळ्यांवर टॉवेल बांधा," ती म्हणाली. "आई, तू बी ये. आमच्याकडं प्रत्येक कॅनची पहिली तपासणी नाकानंच असती."

"आता माझी परीक्षा घेतीस?"

"घेऊ द्या की," मिस्त्री नाकाला हात लावूनच म्हणाले. "तुमचं नाक जर्मन हाय, भ्यायचं कशाला?"

आबांनी टॉवेल बांधला. अंजनाबाई आत आल्या आणि डोळ्यांवर पदर बांधून बसल्या.

तिनं शेडमधली सहा सारखी झाकणं धुऊन पुसून घेतली. त्यांत डिझेल, पेट्रोल, फळीवरच्या देवाजवळचा कापूर, चिरलेला कांदा, गालिच्याखालचं पाणी आणि नळाचं साधं पाणी ठेवलं. कशाकशात काय आहे, हे दोघांनाही आधी सांगितलं. प्रत्येक झाकण नाकाखाली दहा सेकंद. क्रम मिस्त्रींनी ठरवला आणि उत्तरं अनुजानं वहीच्या मागच्या पानावर लिहिली.

पहिल्या झाकणाला आबा ताबडतोब म्हणाले, "पाणी." दुसऱ्यालाही तेच म्हणाले. तिसऱ्याला जरा हुंगून पुन्हा ‘पाणी’च म्हणाले. चौथ्याला त्यांनी झाकण स्वतःच्या हातात घेतलं आणि नाकाला टेकवलं. पाचव्याला त्यांचा आवाज खाली आला.

आई, सहापैकी सहा. आबा, सहापैकी एक. बरोबर आलेलं ते एक झाकण साध्या पाण्याचं होतं.