किल्ल्या आडात, फारकत पेटीत

मी कुलूप बोलतोय. पण आधी दार लोटून घ्या, आणि तुमच्या मागं कुणी कान देऊन उभं नाही ना, तेही एकदा बघा. रागावू नका. संशय घेण्यासाठीच मला घडवलंय.

माझा जन्म अलीगढचा. अंग पितळेचं, कडी लोखंडाची. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानंच मला बंद करून तीनदा हिसका दिला आणि मी सुटलो नाही, तेव्हा कुठं खोक्यात टाकलं. म्हणजे जन्मदात्याचाच माझ्यावर विश्वास नव्हता. तिथून पुढं मी कोणावर ठेवावा?

मी औरंगाबादेत आलो तेव्हा पोलीस ॲक्शन नुकतं होऊन गेलं होतं. शहागंजमधल्या एका दुकानात मला टांगलं होतं. कोणी घर बंद करून चाललं होतं, कोणी परत येऊन घर उघडत होतं, आणि कुलपं दोघांनाही लागत होती. गिऱ्हाईक मला हिसके द्यायचं, दुकानदार गिऱ्हाइकाचा रुपया फरशीवर वाजवून बघायचा. निजामाचा हाली रुपया आणि सरकारचा कलदार, दोन्ही चालायचे, त्यामुळं प्रत्येक जण नाणं डोळ्यांजवळ धरून निरखायचा. मला त्या दुकानात फार करमायचं.

मला विकत घेतलं बद्रीनाथनं. गडी वैजापूरकडच्या शेतकरी घरातला, उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, बेगमपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहणारा. बायको द्वारकाबाई. त्यांच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीला मला लावलं. किल्ल्या दोन. एक द्वारकाबाईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात, दुसरी बद्रीनाथकडं. एका कुलपाला दोन धनी ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकली.

वर्षभरातच पेटीत कर्जाचा कागद येऊन पडला. बद्रीनाथनं पडेगावच्या तात्यासाहेबांकडून पैसे उचलून पिठाची गिरणी टाकली होती. इंजिन आठ महिने धडधडलं आणि एके दिवशी तडकलं. भंगारवाल्यानं ते तुकड्यांच्या भावानं नेलं, आणि व्याजासकट अठराशे रुपये बद्रीनाथच्या अंगावर राहिले. मग तो खुलताबादच्या बसवर कंडक्टर झाला आणि द्वारकाबाई गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवायला लागली.

पहिल्या पगाराच्या दिवशी तिनं बिस्किटांचा एक रिकामा डबा पेटीत आणून ठेवला.

"ह्यो जिवाचा डबा," ती म्हणाली. "तात्यासायबाचा हप्ता आधी काढायचा, मंग पोटाचं. पर दर म्हयन्याला थोडंफार ह्याच्यातबी पडलं पाह्यजे. कर्ज फिटस्तोवर मरून ऱ्हायचं आन् फिटल्यावर जगायला लागायचं, ते मला नाय जमायचं."

"लोकं काय म्हणतील?" बद्रीनाथ म्हणाला.

"लोकं हप्ता भरत्यात का? आन् येक ध्यानात ठिवा. ह्या डब्याला कर्जासाठी हात लावायचा नाय. कधीच नाय."

"व्हय," तो म्हणाला. मी ते 'व्हय' नीट ऐकून ठेवलं. इतक्या सहज निघालेल्या शब्दावर माझा भरवसा बसत नाही.

आणि खरंच, दर महिन्याला एका रविवारी त्यांची चैन चालायची. कधी गुलमंडीवरची इम्रती, कधी सिनेमा, कधी खुलताबादची फेरी. त्या बसमध्ये द्वारकाबाईला खिडकीची जागा मिळायची. बद्रीनाथ तिच्यापुढं येऊन "टिकीट?" म्हणायचा, ती तोंडाला पदर लावून हसायची, आणि मग तो स्वतःच्या खिशातले पैसे थैलीत टाकून तिला तिकीट फाडून द्यायचा. घरी येऊन पेटी उघडताना ती हे सगळं पुन्हा बोलायची, म्हणून मला माहीत. तिच्या बोटांना सीताफळाचा वास असायचा.

मी मात्र मनात धुसफुसायचो. कर्ज डोक्यावर, आणि ह्यांना इम्रत्या सुचतात! शेजारच्या आवडाबाईचंही तेच मत होतं. ती कचेरीसमोर पेरूची पाटी घेऊन बसायची आणि गल्लीभर सांगत फिरायची, "तात्यासायबाचं पैसं खाऊन ऱ्हायले बगा दोघंबी." पाच वर्षं ती हे सांगत होती, आणि पाच वर्षं हप्ता एकदाही चुकला नव्हता. तरी माझा संशय काही गेला नाही. एखाद्या कामात चिकाटी लागतेच.

सहाव्या वर्षी तो संशय फळाला आला.

बद्रीनाथ आता बायको घरात नसताना पेटी उघडायला लागला. एकदा त्यानं पेटीच्या तळाला, जुन्या धोतराखाली, नोटांची पुरचुंडी ठेवली. त्याची सायकल दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाला, दुरुस्तीला टाकलीय. दोन महिने कसली दुरुस्ती? रविवार आला की म्हणायचा, "ह्या म्हयन्याला ड्युटी हाय." असे तीन रविवार गेले. आणि एका दुपारी त्यानं जिवाचा डबा उघडला, आतले सगळे पैसे त्या पुरचुंडीत बांधले आणि डब्यात गिरणीचे जुने नट-बोल्ट भरले, म्हणजे हलवला तरी वजन लागावं. हे माझ्या नाकासमोर झालं! मला तोंड असतं तर मी गल्ली गोळा केली असती.

शेवटी त्यानं एक कागद आणला. शिक्क्याचा, आणि सगळी अक्षरं उर्दू. तो त्यानं दोनदा वाचला, सुस्कारा सोडला आणि पुरचुंडीवर ठेवला.

माझ्या मनात एकच गोष्ट आली. लग्नाला दहा वर्षं होऊन घरात मूल नव्हतं. सासू सारजाबाई दर सणाला वैजापूरहून निरोप धाडायची, की दुसरी कर. बद्रीनाथ ते निरोप हसण्यावारी न्यायचा. पण हसण्याच्या आड काय असतं, ते मी ओळखून आहे.

त्याच संध्याकाळी आवडाबाई पेरूची रिकामी पाटी घेऊन थेट घरात आली. बद्रीनाथ अजून बसवरच होता.

"द्वारके, बस खाली," ती म्हणाली. "तुजा मालक आज कचेरीपाशी अर्जनवीसाकडं बसला व्हता. कागूद लिवून घेत व्हता. म्या माझ्या कानानं आयकलं. म्हणला, फारकत पक्की लिवा, पुन्ना कुणी दावा नाय केला पाह्यजे."

"कुणाची फारकत?"

"आता घरात दुसरं कोण हाय तुझ्याबिगर?"

आवडाबाई गेल्यावर द्वारकाबाईनं पेटी उघडली. तळाचा कागद तिच्या हाताला लागला. उर्दू तिला येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. मला पुन्हा लावताना तिची किल्ली चार वेळा घसरली. कागद फाडायची तिची छाती झाली नाही. सरकारी शिक्का होता ना. मला त्या रात्रीपुरता तरी आनंद व्हायला हवा होता, कारण माझा संशय खरा ठरला होता. पण तो झाला नाही. तिच्या गळ्यातली किल्ली इतकी वर्षं माझ्या पोटात शिरत होती, आणि ती कधी इतकी गार नव्हती.

सकाळी बद्रीनाथ आंघोळीला बसला. त्याची किल्ली कंडक्टरच्या कातडी थैलीला बांधलेली असायची. द्वारकाबाईनं ती सोडली, गळ्यातली स्वतःचीही काढली आणि बाहेर गेली. आड दारातच होता. दोनदा 'डुबुक' ऐकू आलं.

"माझी किल्ली कुठं गेली?" बद्रीनाथ डोकं पुसत आला.

"आडात. दोन्हीबी आडात."

"अगं, येडी झाली का? आज फारकत झाली पाह्यजे! तात्यासायब उद्या पुण्याला चाललेत, पोराकडं, कायमचे. सांजच्या आत या म्हणले."

"मंजी तात्यासायबालाबी ठावं हाय?"

"त्यांच्याबिगर कशी होईल? सही त्यांचीच लागती."

द्वारकाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला वाटलं, नवऱ्यानं पंचसुद्धा नेमून ठेवलाय. बद्रीनाथचा समज वेगळाच झाला होता, की बायकोनं काहीतरी शोधून काढलं आणि म्हणून ती चिडली. तो हळू आवाजात म्हणाला, "माझं चुकलं. तुला इचारायला पाह्यजे व्हतं. पर येकदा मोकळं झालं, की..."

"मोकळं व्हायचंय तुमाला?"

"आन् तुला नाय व्हायचं?"

तिनं डोळे पुसले. मग ती उठली. "चला. पर मीबी येणार. काय लिवायचं ते माझ्या तोंडावर लिवा."

पेटी काही उघडेना, घरात हातोडाही नव्हता, म्हणून बद्रीनाथनं पेटीच टांग्यात घातली. बेगमपुरा सोडून, छावणीच्या पुढं, पडेगावपर्यंत दोघं पेटीच्या दोन बाजूंना बसून होते. कोणी कोणाकडं बघितलं नाही. मी मधे आपटत होतो.

तात्यासाहेब ओसरीवर बांधलेल्या वळकट्यांमध्ये बसले होते. म्हातारा माझ्याच वळणाचा. त्यांनी आधी मला पाहिलं, मग द्वारकाबाईला. "किल्ली कुठंय?"

"आडात," दोघंही एकदम म्हणाली.

तात्यासाहेबांनी काही न विचारता गड्याकडून हातोडा मागवला. बद्रीनाथनं हात पुढं केला, पण द्वारकाबाईनं तो आधीच उचलला होता. पहिला घाव मी सोसला. दुसराही सोसला. तिसऱ्याला माझी कडी मोडली. खरं सांगतो, दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली.

तात्यासाहेबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि मान हलवली. "बरोबर आहे. 'बद्रीनाथ यांच्याकडून माझं सगळं येणं पावलं, यापुढं त्यांच्यावर माझा कसलाही दावा नाही.' दोनशे चाळीस बाकी होते, एकरकमी दीडशे देत असाल तर सोडतो म्हणालो होतो. पैसे मोजा, फारखतीवर सही करतो."

"आन् माझं नाव कुठं हाय?" द्वारकाबाईनं विचारलं.

"तुमचं नाव कशाला असेल यात?"

"मला टाकल्याचं."

तात्यासाहेबांनी चष्मा काढून दोघांकडं पाहिलं. मग त्यांनीच उलगडा केला. कचेरीच्या भाषेत देणं फिटल्याचा कागद म्हणजे फारखती. आपल्या लोकांच्या तोंडी नवऱ्यानं बायको सोडली की फारकत. आणि बद्रीनाथला कंडक्टरकीत निम्मे शब्द गिळून बोलायची सवय.

"मी तुला सोडीन?" बद्रीनाथचा चेहरा पडला होता. "तुला वाटलंच कसं?"

द्वारकाबाई रडली, हसली, परत रडली. मी पेटीच्या कोयंड्याला मोडक्या कडीनं लोंबत होतो आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. तिनं निदान आवडाबाईचं ऐकून संशय घेतला. मी तर सगळं डोळ्यांनी बघून चुकलो होतो.

"थांबा," ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "आज इम्रत्या आणायच्या, सगळ्याह्यला," आणि तिनं जिवाचा डबा उघडला. नट-बोल्ट ओसरीवर घरंगळले.

"त्यातले अठ्ठावीस ह्या दीडशात हायेत," बद्रीनाथ मान खाली घालून म्हणाला. "सायकल इकली, तीन हप्ते साठवले, तरी कमी पडत व्हते. तेच चुकलं म्हणत व्हतो सकाळी."

द्वारकाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं पुरचुंडी सोडून अठ्ठावीस रुपये उचलले आणि डब्यात टाकले.

"तात्यासायब, ह्ये आमच्या जगण्याचे हायेत. ह्ये कागदात नाय जायाचे. अठ्ठावीस मी चोळ्या शिवून दिवाळीपोतर धाडते. तवर सही नाय केली तरी चालंल. आमी कर्जातच ऱ्हाऊ."

बद्रीनाथनं तिच्याकडं पाहिलं. सही गेली की नव्वदांची सूटही गेली, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं हात पुढं करून डब्याचं झाकण लावलं.

तात्यासाहेब हसले नाहीत. "लोक मला सांगायचे, तुमचे पैसे बुडाले, ते इम्रत्या खातात. म्हणून मी माणूस पाठवायचो, दर महिन्याला, तुम्ही खरंच खाता का ते बघायला. तो येऊन सांगायचा, खातात. आणि हप्ता यायचा. पुढं पुढं त्यानं 'खातात' म्हटलं की मला झोप लागायची. गेले तीन महिने तो म्हणाला, कुठं जात नाहीत, हसत नाहीत. मी घाबरलो. म्हटलं, ही माणसं आता बुडाली."

त्यांनी दौत ओढली आणि सही केली. सगळं येणं पावल्याची.

"अठ्ठावीसाची चिठ्ठी लिवून देऊ?" बद्रीनाथनं विचारलं.

"नको," तात्यासाहेब म्हणाले. "बाई म्हणाल्या ना दिवाळीपर्यंत."

मी थक्क झालो. असला म्हातारा, नोटेचा पाणीछाप उन्हात धरून बघणारा, नुसत्या शब्दावर पैसे सोडतो? मी दिवाळीची वाट बघत बसलो. मनात म्हणत होतो, आता कळेल. द्वारकाबाईनं दसऱ्यालाच मनीऑर्डर केली.

त्याला आता वर्ष झालं. मी खिडकीत पडून असतो. पेटीला नवं कुलूप कोणी आणलं नाही. कोयंड्यात तिनं चिंधी बांधलीय. दोघांपैकी कोणीही येतं, चिंधी सोडतं, हवं ते घेतं, आणि दुसऱ्याला ओरडून सांगतं. हे ऐकायची मला सवय लागलीय.

आज सकाळपासून गल्लीत चावीवाला फिरतोय. "पुराने ताले, नयी चाबी!" द्वारकाबाईनं मला खिडकीतून उचललं, पदरानं पुसलं, आणि आता मला हातात घेऊन ती दारात उभी आहे. कडी बदलली तर मी अजून पन्नास वर्षं चालेन, अंग मजबूत आहे माझं. पण मी मिटलो, की लगेच तुम्हा दोघांवर नजर ठेवायला लागेन. कोण केव्हा आलं, काय काढलं, काय लपवलं. मला दुसरं काही येत नाही, बाई. चावीवाला आडाजवळ आलाय. द्वारकाबाई, त्याला हाक मारू नका.