रबरी हरणाचा राजा

उल्हास देवस्थळी आयुष्यात कशातही कधी पहिला आला नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्यापेक्षा त्याच्या सासऱ्यांना जास्त पाठ होती. सासरे म्हणजे आत्माराम मेहेंदळे. पुण्यातल्या एका शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. गळ्यातली शिट्टी केव्हाच गेली, पण बघणं अजून शिट्टी फुंकण्याच्या बेतात असल्यासारखंच होतं. उल्हास शैलाला बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी हातात पडायच्या आत त्यांनी विचारलं होतं, "खेळात काय?" उल्हास म्हणाला, "कॅरम. सेमीफायनलपर्यंत." त्यावर आत्माराम चहा संपेपर्यंत पंख्याकडे बघत बसले. लग्न झालं ते शैलाने हट्ट धरला म्हणून.

तसं उल्हासला बक्षिसांचं वावडं नव्हतं. वक्तृत्व, चित्रकला, शुद्धलेखन, पाठांतर, सगळीकडे त्याला बक्षीस मिळायचंच. फक्त ते उत्तेजनार्थ असायचं. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणजे तुम्ही हरलात हे चारचौघांत टाळ्या वाजवून सांगायची सोय. पुढे तो इंजिनियर झाला, जर्मनीत वाल्डॉर्फला आला, सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या नोकरीत स्थिरावला, घर घेतलं, केस गेले. पण आपण एकदा तरी पहिलं यावं ही इच्छा काही गेली नाही. पन्नाशीच्या माणसाने असली इच्छा कुणाला सांगायची नसते, म्हणून त्याने सांगितली नाही. शैलाला मात्र माहीत होती. बायकांना असतंच.

याच इच्छेपायी तो गावाबाहेरच्या धनुर्विद्येच्या क्लबात शिरला. फुटबॉलला पाय लागतात, टेनिसला दम लागतो. इथे नुसतं उभं राहायचं, असा त्याचा हिशोब. जर्मनीत धनुष्यबाणाने खरं हरीण मारायला कायद्याने बंदी आहे. परवाना काढून बंदुकीने मारा, चालतं. पण कायद्याने हौस जात नाही. मग क्लबवाले जंगलात फोमची जनावरं मांडतात आणि शिकारीचा सगळा सरंजाम करून त्यांच्यावर बाण सोडतात. मोसमाच्या सुरुवातीला, मे महिन्याच्या एक तारखेला, तिथे राजा ठरवायची स्पर्धा होते. झाडाला टेकून होखझिट्स, म्हणजे लाकडी मचाण, बांधलेलं असतं. त्यावर चढायचं आणि खाली झाडोऱ्यात उभ्या असलेल्या फोमच्या हरणावर प्रत्येकाने एकच बाण मारायचा. ज्याचा बाण काळजात लागेल तो वर्षभर क्लबचा राजा. कुणाचाच नाही लागला, तर ज्याचा सगळ्यांत जवळ पडेल तो. राजाच्या गळ्यात चांदीची जाडजूड साखळी घालतात.

पहिल्या वर्षी उल्हासची उमेदवारी चालू होती, म्हणून स्पर्धेच्या दिवशी त्याला जंगलात येऊच दिलं नाही. दुसऱ्या वर्षी ऐन एक मेलाच भाचीचं लग्न निघालं. यंदा तिसरं वर्ष, आणि यंदाच आत्माराम तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आलेले.

उंचावरून खाली मारताना उल्हासचा बाण हमखास वरून जायचा. यावर उपाय म्हणून तो हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभा राहून, कंबरेत वाकून, व्यायामाचा रबरी पट्टा ताणत तांदळाच्या पिशवीवर नेम धरत होता.

"अरे, तांदूळ मेला असेल एव्हाना," शैला म्हणायची. "उतर आता, मला फोडणी करायचीय."

"कंबरेतून वाकायचं असतं, शैला. हात खाली नाही करायचा. सगळं त्यातच आहे."

"बाबा येणारेत म्हणून एवढं?"

"छे!" असं उल्हास म्हणाला, आणि पट्टा सटकून कढईच्या झाकणावर बसला.

एक तारखेला शैलाने दोघांना गाडीत बसवून दिलं आणि आपण घरी राहिली. नवरा आणि वडील एकमेकांशी बोलू बघतात तेव्हा तिथे थांबू नये, हे ती अनुभवाने शिकली होती.

जंगलात आत्मारामांना बाकावर बसवण्यात आलं. हातात कागदी पेल्यातला सफरचंदाचा रस दिला. त्यांनी दुर्बिणीतून हरीण बघितलं.

"हे रबराचं आहे."

"फोमचं, बाबा."

"आणि ते हलत नाही."

"नाही."

"तरी झाडावर चढायचं?"

"परंपरा आहे त्यांची."

"असू दे," आत्माराम म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण हरणावरून काढून माणसांवर लावली. 

स्पर्धा सुरू झाली. एकेक जण शिडी चढे, धनुष्य ओढी, सोडी. गेली दोन वर्षं या लोकांना उल्हास बघत आला होता. माशीला सांगून मारतील अशी माणसं. पण आज भलतंच चाललं होतं. क्लबचे अध्यक्ष मान्फ्रेड, ज्यांचा बाण चुकलेला त्याने कधी पाहिला नव्हता, त्यांचा बाण हरणाच्या शेपटीमागे वीतभर अंतरावर मातीत रुतला. त्यांनी खेदाने मान हलवली. पुढच्या बाईंचा पाठीवरून गेला. त्यापुढच्याचा शिंगांच्याही वरून. उल्हासला आधी वाटलं वारा असेल. वारा नव्हता. मग वाटलं, आज आपला दिवस आहे.

त्याचा नंबर शेवटचा. तो शिडीपाशी गेला तेव्हा तिथे ऊवे उभा होता. ऊवे म्हणजे गावातला दातांचा डॉक्टर आणि गेल्या वर्षीचा राजा. त्याने इकडेतिकडे बघून उल्हासचं कोपर धरलं.

"आल्झो, हे बघ उल्हास, डावीकडे हातभर मार. एवढंच लक्षात ठेव."

"डावीकडे? हरीण तर समोर आहे."

"म्हणूनच सांगतोय. राजा झालास की मेलास. अख्ख्या क्लबाला जेवण, वर फॉयरवेअरला, म्हणजे गावच्या आग विझवणाऱ्यांना, बायकापोरांसकट. पुन्हा वर्षभर गावात जिथे बँड वाजेल तिथे ती साखळी घालून उभं राहायचं. माझी मान अजून दुखते. लाज राहील इतकं जवळ मारायचं आणि गळ्यात पडणार नाही इतकं लांब. त्यातच खरं कसब आहे."

"म्हणजे हे सगळे मुद्दाम...?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ऊवे म्हणाला आणि त्याचा खांदा थोपटून बाजूला झाला.

उल्हास शिडी चढला. एकेका पायरीवर त्याला वेगवेगळं वाटत होतं. आधी आनंद झाला. पंधरा वर्षांत या देशात त्याला पुष्कळांनी नियम सांगितले होते, गुपित कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. म्हणजे तो आता त्यांच्यातला झाला होता. त्यांच्यातला होऊन राहायला करायचं काय, तर फक्त चुकायचं. ते तर त्याला उत्तम यायचं.

वर पोचल्यावर त्याने खाली बघितलं. हरीण उभं होतं. बाकावर सासरे दुर्बीण लावून बसले होते. आणि मैदान मोकळं होतं. एवढ्या सगळ्या चांगल्या तिरंदाजांनी आपापले बाण वाया घालवून त्याला वाट करून दिली होती. अशा पहिल्या नंबरची माणसाला लाज वाटायला हवी. उल्हासला अजिबात वाटली नाही. त्याला तो हवा होता. इतका हवा होता की जेवण घालू, आग विझवणाऱ्यांना घालू, आग लावणाऱ्यांनाही घालू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि बाण लावला.

तो कंबरेत वाकला. दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणली. श्वास सोडला. हिवाळाभर जे केलं ते सगळं त्याने नीट केलं आणि बाण सोडला.

बाण हरणाच्या पोटाखालून, चारी पायांच्या मधून जाऊन मातीत शिरला. हरणाला धक्काही लागला नाही.

उल्हासला रडू येईल असं वाटलं. वर कुणी बघणारं नव्हतं, तरी त्याने आवरलं. खाली मात्र टाळ्या पडत होत्या. तो उतरला तसा ऊवे पुढे आला. "वा! काय चुकवलास! कुणाला शंकासुद्धा यायची नाही!" त्याच्या चेहऱ्यावर खरं कौतुक होतं. उल्हास त्याला काय सांगणार? नेम धरून चुकलो म्हणून?

मग मान्फ्रेड टेप घेऊन हरणापाशी गेले. काळजापासून एकेका बाणापर्यंत त्यांनी अंतर मोजलं. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी उल्हासच्या बाणाचं अंतर पुन्हा मोजलं, वळले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "उल्हास."

एकेक जण येऊन मयताला आल्यासारखा चेहरा करून त्याचा हात हातात घ्यायला लागला. "तू त्याला सांगितलं नव्हतंस?" मान्फ्रेडनी ऊवेला विचारलं. "सांगितलं होतं," ऊवे म्हणाला, "पण हा फार बारीक चुकवायला गेला." मान्फ्रेडनी साखळी उल्हासच्या गळ्यात घातली. ती खरोखरच जड होती.

सगळे सॉसेज भाजायच्या शेगडीकडे वळले. उल्हास बाकावर सासऱ्यांशेजारी येऊन बसला. आत्मारामांनी दुर्बीण घडी करून डब्यात ठेवली, डबा बंद केला.

"उल्हासराव, एक विचारू?"

"विचारा ना, बाबा."

"माणसांचे हात मी बघितले. हात चांगले आहेत. फार चांगले. ही मंडळी नीट खेळली का?"

आत्मारामांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं. उल्हास नुसता 'हो' म्हणाला असता तरी हे प्रकरण कायमचं मिटलं असतं. पुण्याला गेल्यावर सासऱ्यांनी चार माणसांत सांगितलंही असतं, की आमचे जावई तिकडे पहिले आले. उल्हासने तोंड उघडलं.

"नाही, बाबा. ते सगळे मुद्दाम चुकले. राजाला सगळ्या क्लबाला जेवण घालावं लागतं, म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी मुद्दाम नाही चुकलो."

आत्मारामांनी यावर बराच विचार केला. निकाल देण्याआधी करायचे तसा.

"म्हणजे या सगळ्यांनी जिथे मारायचा होता तिथेच बाण मारला. नेम चुकला तो एकट्या तुमचा."

"हो."

"आणि साखळी तुमच्या गळ्यात."

"हो." उल्हासला आता खाली बघवेना आणि वरही बघवेना. "मला हवी होती ती, बाबा. कशीही मिळाली असती तरी चाललं असतं. एकदा तरी हवी होती."

आत्माराम पंख्याकडे बघायचे तसे झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिले. शेगडीवरून कुणीतरी उल्हासला हाक मारली. तो उठायला लागला तसा त्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"थांब. इकडे फीर. वाकडी बसलीय."

त्यांनी दोन्ही हातांनी साखळी उचलली, मधलं पदक छातीवर बरोबर मध्यावर आणलं, शर्टाची कॉलर तिच्याखालून ओढून सारखी केली. मग खिशातून फोन काढून लांब धरला आणि चष्म्यावरून बघितलं.

"ताठ बस," ते म्हणाले.

उल्हास ताठ बसला.