खर्र्याचा चुना आणि माझी बोलती बंद

मित्रांनो, मी एक जुना लोड आहे. टेकून बसायचा नव्हे, लोडशेडिंगमधलाही नव्हे. बॅटरीतून ठरवलेला करंट कमी-जास्त न होऊ देता ओढत राहायचं आणि तिच्यात दम किती ते दाखवायचं, हे माझं काम. गोंदियात हे समजावून सांगता सांगता माझ्या मालकाच्या तोंडाला फेस आला. गिऱ्हाइकं आपली म्हणायची, "हा डब्बा तर बॅटरी खाते!"

२००७ साली, लोडशेडिंगच्या ऐन काळात, बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या रत्नपालने मला बनवलं. करंट मोजणारा रेझिस्टर त्याने आधी बारीक बसवला होता. तो तापला की त्याचं मोजमाप बदलायचं आणि मी खोटं बोलायचो. मग त्याने सहजी न तापणारा जाडजूड आणला. करंटचा नळ सोडणारा-आवळणारा माझा भाग म्हणजे मॉस्फेट. ओढलेली वीज उष्णता होऊन त्याच्यातच जिरते. म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची मोठी पट्टी लावली, आणि दोघांच्या मध्ये उष्णता पलीकडे नेणारी पांढरी पेस्ट. एकेक भाग असा पारखून घेतलेला. मला गर्व होता, का नसावा?

एकदा मॉस्फेट बदलायचा होता. रत्नपाल कोहमाऱ्याला गेलेला. दुकानात त्याचा भागीदार भोजराज होता, आणि नवेगाव बांधकडच्या उपकेंद्रातल्या नर्स सुशिलाबाई बाळंतपणाच्या खोलीतल्या दिव्याची बॅटरी तपासायला घेऊन आल्या होत्या. नेमकी पेस्ट संपली. भोजराजने खिशातून खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीत घोटायच्या, चुन्याची डबी काढली.

"चुना बी पांढराच ना? काऊन नाही चालनार?"

अरे बाबा, पेस्ट काय रंगासाठी लावतात? पण त्याने चुना लावून नवा मॉस्फेट बसवला आणि बाईंची बॅटरी मला जोडली. चुना सुकला, त्याला भेगा पडल्या, उष्णता अडली. भोजराज बाहेर खर्रा घोटत होता. तेवढ्यात माझा मॉस्फेट जळला, फ्यूज उडाला. आता मी बॅटरीतून काहीच ओढत नव्हतो. बॅटरी कमजोर असली की मी ओढताना व्होल्टमीटरचा काटा भराभर खाली येतो; पण ओढणंच बंद, मग तो खाली येईल कशाला?

भोजराज आत आला आणि खूश झाला. "पाहा बाई, काटा हालूनच नाही राहिला! बॅटरी एकदम बढिया!"

मी मेलो होतो, आणि याला ती बॅटरीची तब्येत वाटली! असा संताप मला आयुष्यात आला नाही. पण ओरडू कसा?

पुढच्या आठवड्यात सुशिलाबाई बॅटरी घेऊन परत आल्या. "बाळाचं डोकं बाहेर येऊन राहिलं होतं, अन् दिवा गेला. मोबाइलच्या उजेडात नाळ कापली म्या. लेकरू वाचलं."

रत्नपालने मला उघडलं. चुना पाहून त्याने कपाळावर हात मारला. नवा मॉस्फेट आणि पेस्ट लावून तो म्हणाला, "बाई, डब्बा जळला होता. आता नीट केला. द्या बॅटरी."

"नाही भाऊ," बाई म्हणाल्या. "समोरच्या दुकानात तारा घासून ठिणगी दाखवतेत. डोळ्याले दिसते तरी."

ठिणगीने बॅटरीचा दम कळत नाही हो! पण माझं ऐकतो कोण?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी मी जिवंत आहे का, एवढं बघत जा. ती बॅटरी ठिणगीवर पास झाली आणि पुन्हा त्याच खोलीत लागली. तिथे आज एक बाई बाळंत होणार आहे.