खुणेपर्यंत पाणी

तिने चप्पल दाराशी काढली, सलवार घोट्यावर दुमडली आणि चार नंबरच्या इमारतीच्या गच्चीत साठवलेल्या पाण्यात पाय घातला. पाणी कोमट होतं. कठड्याच्या आतल्या बाजूला परवा तिनेच निळ्या रंगाने आडवी रेघ ओढली होती. गाल जवळजवळ कठड्याला टेकेपर्यंत ती वाकली. पाणी बरोबर रेघेला लागून होतं. केसभरही खाली नाही.

म्हणजे गच्ची गळत नव्हती. तरी ती तशीच वाकून राहिली.

मग ती कोपऱ्यातल्या चौथऱ्याकडे गेली. तिथे तिने त्याच दिवशी एक घमेलं पाण्याने भरून ठेवलं होतं, आतून तशीच निळी रेघ ओढून. घमेल्यातलं पाणी उन्हाने बोटभर खाली गेलं होतं. घमेल्याला भोक नव्हतं. मग त्याच उन्हात, त्याच वाऱ्यात एवढ्या मोठ्या गच्चीवरचं पाणी जागचं हललं कसं नाही?

परत येताना तिच्या घोट्याला काहीतरी चिकटलं. तिने ते चिमटीत धरून वर उचललं. जांभळ्या दोऱ्याचा तुकडा होता. आता लक्ष देऊन पाहिलं तर दाराजवळच्या पाण्यावर असे पुष्कळ तुकडे तरंगत होते, जांभळे आणि पांढरे.

कंपनीच्या पाच व्यापारी इमारती होत्या आणि यंदा दोनच गच्च्यांच्या दुरुस्तीचं काम निघणार होतं. क्रम लावायचं काम तिच्याकडे होतं. चार नंबर सगळ्यात वर पाहून साहेब हसले होते.

"चार नंबरला वरच्या मजल्यावर तुझी मावशी ना? घरचंच कार्य काढलंस की."

"पाणी साठवून बघू, साहेब. गळली तर पहिली, नाही गळली तर शेवटची."

"बघ हं. शब्द तुझा आहे."

पाणी साठवल्यावर गच्चीची किल्ली तिने मावशीकडेच ठेवली होती. कुणी येऊन गच्चीच्या पाइपाचं बूच काढलं तर सगळीच मेहनत पाण्यात, म्हणून. आज दार उघडायलाही तिने तीच किल्ली मावशीच्या दारातल्या खुंटीवरून काढून आणली होती.

ती जिना उतरली. मावशीच्या शिवणघरात सगळी मशिनं चालू होती. शाळेच्या गणवेशांचा ढीग खिडकीपर्यंत गेला होता, जांभळे झगे आणि पांढऱ्या कॉलरी.

"या, इंजिनियरबाई!" काजं करणारी बाई ओरडली. "पाय ओले? वर पोहायला गेला होतात का? आम्हाला तरी बोलवायचं!"

बायका हसल्या. मावशी कापडावर खडूने आखत होती, तिने मान वर केली नाही. तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती.

भाचीने दोऱ्याचा तुकडा कापडावर ठेवला.

"हा वर तरंगत होता."

"वाऱ्याने गेला असेल."

"दार बंद असतं, मावशी. किल्ली तुझ्याकडे असते."

मावशीचा खडू थांबला. मग एकेक करत मशिनंही थांबली. त्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज आला, पाण्यात पाणी पडल्याचा. ती आत गेली. कापायच्या जुन्या टेबलाखाली, जिथे बसून तिने बारावीचा सगळा अभ्यास केला होता, तिथून गठ्ठे हलवले होते. टेबल भिंतीला सरकवून मधोमध एक बादली ठेवली होती. छताचं प्लास्टर फुगून आलं होतं. बादलीत जांभळे दोरे होते.

मावशी दारात येऊन उभी राहिली.

"केव्हापासून?"

"पाणी भरलंस त्या संध्याकाळपासून."

"आणि ते तू वर नेऊन ओततेस."

"कमी पडलं तर नळाचंही घातलं. रेघेकडे लक्ष ठेव म्हणाली होतीस ना? ठेवलं."

"मावशी, मी भांडले ऑफिसात. तुझ्यासाठी. आणि तू मलाच..." तिने छताकडे बोट केलं. "मला तोंडघशी पाडायला निघाली होतीस."

"माझ्यासाठी?" मावशीने हातावरचा खडू झटकला. "काम निघालं की मजला रिकामा करायचा. तीन महिने. हे मला कुणी सांगितलं, माहितीये? मापं घ्यायला आलेल्या गवंड्याने. माझ्या स्टुलावर बसून, माझा चहा पीत सांगत होता. आणि मी मान डोलवत होते. जसं काही भाचीने मला आधीच सांगितलंय."

"मी सांगणारच होते. सगळं पक्कं झाल्यावर."

"पक्कं झाल्यावर मला विचारायचं काय उरतं गं?"

मजला रिकामा करायची अट भाचीच्याच हातची होती. टाइप करताना ती क्षणभर थांबलीही होती, आणि मग पुढच्या इमारतीकडे वळली होती.

"तीन महिन्यांनी गिऱ्हाईक जिन्यात उभं राहून माझी वाट बघणार आहे का?" मावशी हळू म्हणाली. "ऐन हंगाम आहे. एवढा निघाला असता तर मीच आले असते तुझ्याकडे."

भाचीने वर पाहिलं. फुगवटा या खोलीपुरता नव्हता. तो भिंतीवरून पलीकडे गेला होता, थेट काजं करणारीच्या डोक्यावर. बाई अजूनही हसण्याच्या बेतात, सुई धरून बसली होती.

फोन वाजला.

"काय म्हणतेय मावशीची गच्ची?" साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "धरून आहे का पाणी?"

मावशी तिच्याकडे पाहत होती. लहानपणी ताप आला की अशीच पाहायची, कपाळाला हात न लावता.

"गळतेय, साहेब."

"किती उतरलं?"

"ते मोजून सांगते. पण गळतेय. मी समोर उभी राहून बघतेय. चार नंबर पहिली घ्या."

तिने फोन बंद केला. "दोन नंबरमध्ये खालचा एक गाळा रिकामा आहे," ती घाईघाईने म्हणाली. "मी विचारते. आजच विचारते."

बादली भरत आली होती. मावशीने ती उचलली आणि सवयीने जिन्याच्या दिशेने दोन पावलं गेली. मग थांबली, वळली आणि मोरीकडे चालू लागली.

जड बादलीने ती एका बाजूला कलली होती. भाचीने पुढे होऊन कडीला हात घातला.

मावशीने बादली दुसऱ्या हातात घेतली.