गोऱ्याला निघताना

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे मला नीट बोलता यायच्या आधीच शिकवलेलं होतं. जाते म्हणणारी परत येत नाही म्हणे. इंदूरच्या आमच्या मल्हारगंजात भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा 'येते हं' म्हणूनच पायऱ्या उतरते. मी मुलींच्या शाळेत नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं, शेकडो मुलींकडून 'आय गो' घोकून घेतलं आणि ऐन मुलाखतीत माझ्याच जिभेने मला दगा दिला.

मुलाखत इथिओपियातल्या शाळांसाठी होती. तिकडच्या सरकारला इंग्रजीचे शिक्षक हवे होते, म्हणून त्यांचे एक अधिकारी इंदूरला आले होते. त्यांच्या शेजारी आपल्याकडचे एक शाळा-इन्स्पेक्टर बसले होते. व्याकरण झालं, वाचन झालं, सगळं छान पार पडलं. मी उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "आय कम, सर."

इन्स्पेक्टर नाकातून हसले. जाताना येते म्हणणारी बाई काय इंग्रजी शिकवणार, असं ते माझ्यादेखत म्हणाले. माझं डोकंच फिरलं. कुणी बसा म्हटलं नसताना मी पुन्हा खुर्चीत बसले. चूक झाली हे कबूल केलं आणि ती कुठून आली तेही सांगितलं. आमच्याकडे माणूस परत यायचं कबूल करूनच उंबरा ओलांडतो. नियम मला पाठ आहे, पण तो शिकण्याआधीपासून ही सवय आहे, असं म्हणाले.

इथिओपियाचे साहेब मन लावून ऐकत होते. आमच्याकडेही जरा बाहेर जाणारा माणूस 'आलोच' म्हणून उठतो, असं ते हसून म्हणाले. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. राजधानीतल्या जागा केव्हाच भरल्या होत्या. उरलं होतं ते पश्चिमेकडचं, डोंगरातलं एक लहान गाव. तिथे जायला कुणी तयार नव्हतं. पावसाळ्यात रस्ता बंद व्हायचा आणि टपाल यायला महिना लागायचा. गावाचं नाव गोरे.

"आय गो," मी म्हणाले. या वेळी बिलकूल चुकले नाही.

घरी आल्यावर बेबीआत्याला सांगितलं, की गोऱ्याला चालले आहे. तिने हातातली परात खाली ठेवली. "गोरे? कुठले गोरे? उज्जैनचे का? मुलगा काय करतो?" एकोणतिसाव्या वर्षी का होईना, माझं लग्न जमलं, या आनंदात ती देवापुढे साखर ठेवायला निघाली होती. गोरे हे गाव आहे, ते समुद्रापलीकडे आहे आणि मी तिथे तीन वर्षं शिकवायला चालले आहे, हे समजावता समजावता मला हसू आवरेना. तिला रडू आवरेना. आत्या लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन या घरी परतली होती. चाळीस वर्षं ती इथल्या पुरुषांपुढे एक शब्द बोलली नव्हती, आधी माझ्या आजोबांपुढे, मग वडिलांपुढे आणि आता लक्ष्मीकांतदादापुढे.

दादा सेक्रेटरिएटमध्ये हेडक्लार्क. मध्यभारताची राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची, त्यामुळे दादाही दरवर्षी फायलींबरोबर सहा महिने ग्वाल्हेरला जायचा. होल्डॉल बांधायचा, "येतो" म्हणायचा आणि तांग्यात बसायचा. त्याला कधी कुणी का म्हणून विचारलं नाही. मी मात्र त्याची परवानगी घ्यायला हवी होती. कोल्हा काकडीला राजी, असं तो म्हणाला. लंडन नाही, मुंबई नाही, धड त्या देशाची राजधानीही नाही, आणि जायचं कुठे, तर जिथे कुणी जात नाही तिथे.

"जिथे कुणी जात नाही, तिथल्या पोरांनी शिकायचं नाही का?" मी विचारलं.

"तुझा दिमाग खराब झालाय, चारू. जायचं तर जा. पण मग या घरात पाऊल टाकायचं नाही."

हे मला लागलं. परदेशाची मला भीती नव्हती. पण बापाच्या घरात परतायला जागा नसणं मला सोसणारं नव्हतं, आणि ते दादाला चांगलं ठाऊक होतं. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मीही पासपोर्ट, लशी, ट्रंक यांतून मान वर काढली नाही.

निघायच्या सकाळी तांगा दारात उभा होता. आत्याने हातावर दही ठेवलं. ट्रंक पायऱ्यांखाली ठेवून मी निरोपाला वळले, तर दादा दारात आडवा उभा होता.

"जाते म्हणून निघ," तो म्हणाला. "येते म्हणायचं नाही. समजलं?"

गल्लीत दोन-चार शेजारी थांबले होते. मला राग आला. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलींची वाक्यं दुरुस्त केली होती. माझं वाक्य मी याला दुरुस्त करू देणार नव्हते.

"दादा, येते."

तो दारातून हलला नाही. आमच्यात येते म्हटलं, की घरातल्याने 'ये' म्हणायचं असतं. त्याशिवाय निघता येत नाही. मी ट्रंकेवर बसले. तांगेवाल्याने गाडीची वेळ सांगितली, तरी उठले नाही.

"दादा, येते," मी पुन्हा म्हणाले.

दादाने तोंड फिरवलं. तेवढ्यात त्याच्या खांद्यामागून आवाज आला. तो इतका खणखणीत होता, की तो कुणाचा हे मला क्षणभर कळलंच नाही.

"ये," बेबीआत्या म्हणाली. दादाला हाताने बाजूला सारून ती उंबऱ्यावर आली. "आणि मी नसले तरी ये."