बुधवारच्या पट्ट्यांचे पातेले

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे. निळे एनॅमल, त्यावर पांढरे ठिपके, दोन कान आणि घट्ट बसणारे झाकण. ओहायोतल्या भट्टीतून बाहेर पडले तेव्हा माझ्यात तोंड दिसायचे. हे मीच सांगते, कारण आता कुणी सांगत नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस कुणी शुक्रवारी मांस खात नाही. मग चर्चच्या तळघरात बायका पिरोगी करतात, बटाट्याचे सारण भरलेल्या, करंजीसारख्या, पाण्यात उकडलेल्या. त्यासाठी घरोघरची मोठी पातेली आदल्या दोन दिवसांत गोळा होतात. विचारायची पद्धत नाही. मागच्या दाराने यायचे, हाक मारायची, पातेले उचलायचे. तीस वर्षे मी असे जात होते. "या घरच्या पातेल्यात पिरोगी फुटत नाही," असे तिथल्या बायका म्हणत आणि मी फुगून जाई.

मग या घरात टेक्ला जन्मली. तिच्या कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारे धागेच अंगात तयार होत नव्हते. मोजा ओढला तरी फोड, मिठी मारली तरी फोड. नऊ वर्षांची होईपर्यंत तिच्या पाठीवरची एक जखम कधी मिटलीच नाही. दोन वर्षांपूर्वी औषध आले. ओठांवर फोड आणणारा एक विषाणू असतो. त्याची वाढायची शक्ती काढून घेऊन त्याच्याकरवी ते धागे विणायची कृती कातडीत पोचवायची, असे ते जेल आहे. दर मंगळवारी परिचारिका ग्वेन हातमोजे घालून जखमेवर एकेक थेंब ओळीने ठेवते, चोळत नाही, वर पट्टी लावते. चोवीस तास त्या पट्टीला हात लावायचा नाही. बुधवारी टेक्लाची आई लिडिया हातमोजे घालून ती काढते, जंतुनाशक पाण्यात भिजवते आणि मग पिशवीत बंद करून फेकते.

भिजवायला झाकणाचे भांडे हवे होते. माझी नेमणूक झाली. धुणे धुवायच्या खोलीत, मागच्या दाराजवळ. खोटे कशाला बोलू, मला ते फार लागले. कुठे पिरोगी आणि कुठे हे. पण पाठीवरची जखम मिटत गेली आणि माझे रुसणे मला शोभेना.

या हिवाळ्यात लिडियाची धाकटी बहीण रोमाना बऱ्याच वर्षांनी गावात परतली. सहा महिन्यांची गरोदर. गरोदर बाईने या जेलला हात लावायचा नाही, हे ग्वेनने बजावले होते. म्हणून लिडियाने तिला सांगितले, "मंगळवारी येऊ नकोस गं." रोमाना शहाणी. मंगळवारी कधी आली नाही.

ती बुधवारी आली. ईस्टरआधीचा उपवास सुरू व्हायचा दिवस, म्हणून कपाळावर चर्चमध्ये लावलेली राख. "लिडिया, पातेलं नेते गं!" तिने हाक मारली. वर टेक्लाच्या अंघोळीचे पाणी वाहत होते, कुणी ऐकले नाही. तिने माझे कान धरले आणि, मित्रांनो, मी हरखले. दोन वर्षांनी कुणीतरी मला न्यायला आले होते. त्या एका क्षणाची मला आजही लाज वाटते.

तिने झाकण काढले. पाण्यात पांढरे कापड दिसले, धुणे भिजत घातले असेल असे तिला वाटले. बहिणीचे तेवढेच काम हलके करावे म्हणून तिने बाह्या वर केल्या, नुकत्याच टाकलेल्या पट्ट्या उघड्या हातांनी पिळल्या आणि बेसिनमध्ये ठेवल्या. थंडीने तिची बोटे फुटलेली होती. मला ओरडता आले नाही.

"हात तसेच धर. चेहऱ्याला लावू नकोस." लिडिया जिन्यात उभी होती. आवाज अगदी शांत होता. पंधरा मिनिटे नळाखाली हात. लिडियाने ग्वेनला फोन लावून तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"डोळ्याला, तोंडाला लागलंय का, विचारतेय."

"नाही. पण बोटं चिरलीत बघ. लिडिया, बाळाला काही होईल का?"

"अजून पाच मिनिटं धू."

डॉक्टरांनी त्याच दिवशी रोमानाला तपासले. विषाणू वाढत नाही, हात लगेच धुतलेत, धोका फार कमी, असे ते म्हणाले. पण इतक्या नव्या औषधाबद्दल छातीठोक सांगता येत नाही, हेही म्हणाले. त्या दुसऱ्या वाक्याने घरातली झोप उडवली.

टेक्लाने सगळे जिन्यातून ऐकले होते. पुढच्या मंगळवारी ती खोलीतून बाहेरच येईना. "मला नको ते. माझ्यामुळे बाळ मरेल." ग्वेन थांबली, लिडिया रडकुंडीला आली. एक आठवडा चुकला, मग दुसरा. पाठीची जखम पुन्हा ओलसर दिसू लागली.

तेव्हा रोमाना आली, आधी फोन करून. दाराबाहेर खुर्ची टाकून बसली.

"टेक्ला, ऐकतेयस ना? तुझ्या कातडीनं मला काही केलं नाही. मी न विचारता दुसऱ्याच्या भांड्यात हात घातला."

आतून आवाज आला. "आईनं तुला बुधवारचं सांगितलंच नव्हतं."

"नव्हतं सांगितलं. आता तूच सांग. सगळं सांग, मी लिहून घेते."

दाराआडून टेक्लाने सांगितले आणि रोमानाने लिहिले: कुणी हात लावायचा, कुणी नाही, किती तास, कुठले पाणी. तो कागद आता मागच्या दारावर आहे. पुढच्या मंगळवारी टेक्लाने पाठ ग्वेनकडे केली. मी मात्र बाळ होईपर्यंत धास्तावलेलेच होते. पट्टी पडली की मला ती चिरलेली बोटे दिसत.

मित्रांनो, ज्यांच्याकडून काळजी घ्यायची अपेक्षा आहे, त्यांना अर्धेच सांगू नका. आणि माझ्यासारखे एखादे भांडे दुसऱ्या कामाला लावले असेल तर त्यावर ठळक लिहा. पुन्हा चुलीवर जायची माझी आशा सुटली, आणि सुटली हेच बरे.

बाळ जूनमध्ये झाले. मुलगी, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. एका बुधवारी रोमाना तिला घेऊन आली आणि तिला टेक्लापुढे धरले. टेक्ला मागे सरली. चोवीस तास झाल्याचे तिने घड्याळात पाहिले, कालची पट्टी आईकडून काढून घेतली, नवी साधी लावून घेतली, दारावरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, हात धुतले, परत धुतले. बाळ रडून लाल झाले, तरी कुणी घाई केली नाही. मग ती खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "मावशी, आता दे."